जुलैतला उत्साह जरा आवर

रोटरी क्लबात आलास, छान झालं. पण एक ऐक. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, आणि नवा अध्यक्ष लगेच शिबिर लावतो. तेव्हा बेळगावजवळच्या आपल्या खानापूर तालुक्यात धो धो पाऊस आणि भाताची रोपलावण. शिबिराला येणार कोण? एका वर्षी मीच हट्टाने लावलं होतं. डॉक्टर, आम्ही आणि चहाचा थर्मास, एवढेच हजर!

नेत्रशिबिर सुगीनंतर ठेव. मोतीबिंदूवाल्यांची साखर आणि रक्तदाब गावातच तपासून घे, नाहीतर म्हातारी ऑपरेशनसाठी बेळगावपर्यंत येऊन तशीच परत फिरते. फॉर्म कन्नड-मराठी दोन्हीत छाप. ऑपरेशननंतरचे थेंब कधी घालायचे, ते सुनेला समजावून सांग. आजीच्या लक्षात राहत नाही.

रक्तदानाला ४५ किलोंखालचा पोरगा जोशात आला तरी थांबव. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिने, बायकांना चार महिने अंतर लागतं.

मीटिंगचं म्हणशील तर वेळेवर ये, हिशोबाची वही मागून बघ. हार-शाली, फोटो चालायचेच. आणि हो, शिबिराच्या दिवशी परतीची शेवटची बस किती वाजता आहे, ते आधी विचारून ठेव.