कॅव्हर्न कोर्ससाठी रीळ कुठलं घ्यावं आणि मुंबईत ते कसं सांभाळावं?

मेक्सिकोला कॅव्हर्न कोर्सला (पाण्याने भरलेल्या गुहेत, बाहेरचा उजेड पोचतो तेवढ्याच भागात डायव्हिंग शिकवणारा कोर्स) जाण्याआधी रीळ (गुहेत वाटेवर सोडत जायची दोरी गुंडाळलेली चकरी) कुठलं घ्यावं आणि आपल्या दमट हवेत ते कसं टिकवावं, असं तुम्ही विचारलंय. रिळाच्या ब्रँडपेक्षा त्यावरच्या दोरीकडे जास्त लक्ष द्या. गुहेत सरळ वर येता येत नाही. गाळ उठला किंवा दिवा गेला की बाहेरची वाट फक्त बोटांना लागणाऱ्या त्या दोरीवर, म्हणजे लाइनवर असते. अमेरिकन गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी गुहांतल्या मृत्यूंचा अभ्यास करून मांडलेल्या नियमांत ‘मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड लाइन’ हा नियम आहे, तो याचसाठी.

कोर्सपुरतं रीळ मिळतं का, हे प्रशिक्षकांना आधी विचारा. विकत घ्यायचंच असेल तर उघड्या बांधणीचं, रॅचेट (ड्रमचं फिरणं एका दिशेला अडवणारी कळ) नसलेलं साधं रीळ घ्या. बंद रिळात दोरी अडकली की बोटं आत पोचत नाहीत. गुहेच्या प्रायमरी (मुख्य) रिळावर साधारण १२० मीटर लाइन असते. कॅव्हर्नला एवढी लागत नाही, पण पुढे केव्ह कोर्स (उजेडापलीकडे गुहेत आत जायचा) करणार असाल तर तेच उपयोगी पडेल. जोडीला साधारण ४५ मीटरचा साधा सेफ्टी स्पूल (अडचणीच्या वेळेसाठी जवळ ठेवायची छोटी गुंडाळी). स्पूलला हँडल नसतं, बिघडण्यासारखं काही नसतं, म्हणून मला तो फार आवडतो.

लाइन विणलेल्या नायलॉनची हवी, जाडी दोनेक मिलिमीटर. नागदेवी स्ट्रीटवर दोऱ्या ढिगाने मिळतात, पण नाव ऐकून घेऊ नका. तुकडा बादलीत बुडवून, पाण्यातच चांगला पिळून सोडा. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. तरंगणारी लाइन सैल पडली की वर येऊन अंगाला आणि टाक्यांना गुरफटते, ती नकोच. दर ३ मीटरवर गाठ मारा, म्हणजे अंधारातही अंतर हाताला कळतं. आतलं टोक ड्रमला पक्कं बांधलंय ना, हे स्वतः उलगडून पाहा. दुकानातून नवीन आणलं असलं तरीही.

रीळ काठोकाठ भरू नका. भिजलेली लाइन फुगते आणि गुंडाळी सैल पडते, म्हणून बोटभर जागा सोडा. गुंडाळताना ताण सारखा ठेवा. सैल गुंडाळलेल्या फिरकीवर मांजाचं होतं तेच इथे होतं: वेढे कडेवरून घसरून दांड्याभोवती अडकतात आणि रीळ जाम होतं.

आता देखभाल. सेनोटेंत (मेक्सिकोतल्या पाणी भरलेल्या, विहिरींसारख्या गुहांत) वर गोडं पाणी असलं तरी अनेक ठिकाणी खाली खारं असतं, त्यामुळे तिथून आल्यावरही मालवणच्या समुद्रातून आल्यासारखंच धुवा. पूर्ण लाइन उलगडून गोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. ड्रम दांड्यावरून काढून आतली वाळू काढा. बोल्ट स्नॅपची (रीळ अंगावर अडकवायच्या धातूच्या हुकाची) खिट्टी पाण्याखाली उघडझाप करा, मीठ तिथेच साचतं. वाळवायचं सावलीत, कारण ऊन नायलॉनला कमकुवत करतं. पावसाळ्यात गॅलरीत काही वाळत नाही, घरात पंख्याखाली सैल पसरून ठेवा. ओली लाइन बंद पिशवीत कोंबून माळ्यावर टाकली तर ती कुबट होईल आणि खिट्टीही जाम होईल.

परत गुंडाळताना सगळी लाइन बोटांतून जाऊ द्या. टोकाशी झिजली असेल तर तेवढी कापा आणि उरलेली लांबी रिळावर लिहा. मधेच झिजली असेल तर मी जोड देत नाही, सगळी बदलतो. इतक्या महत्त्वाच्या वस्तूच्या मानाने दोरी स्वस्तच आहे.

जाण्याआधी सोसायटीच्या बागेत झाडांना लाइन बांधून सराव करा: एकदा उघड्या डोळ्यांनी, मग डोळे बांधून नुसत्या बोटांनी परत. लोक बघतील, बघू द्या. आणि विमानात लाइन कटर (दोरी कापायचं पातं) चेक-इन बॅगेतच टाका.