उतारावर जाण्याआधी साखळ्या

प्रिय,

पत्र मिळालं. ट्रॅक्टरची मागची चाकं बर्फावर जागच्या जागी फिरतात, म्हणून टायरमध्ये पाणी भरायचं आणि मागे वजनं लावायची असं तू ठरवलं आहेस. जरा थांब.

सपाट जागेवर, भुसभुशीत बर्फात वजनाचा उपयोग होतो. पुढे लोडर असेल तर ते हवंच, नाहीतर भरलेली बादली मागची चाकं हलकी करते. पण टायरमध्ये साधं पाणी नको, ते गोठतं. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण बरं. मात्र गळलं तर रिम गंजते, तेवढं बघत जा.

कडक बर्फाचा हिशेब वेगळा. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक 0.7 च्या आसपास असतो, गुळगुळीत बर्फावर जेमतेम 0.1. म्हणजे 100 मीटरला 10 मीटरहून जास्त उतार असेल, तर ब्रेक करकचून दाबला, चाकं पूर्ण थांबली, तरी ट्रॅक्टर घसरत जाणार. तिथे वजन टाकून काही हाती लागत नाही. पकड जेवढी वाढते, तेवढीच खाली खेचणारी ओढही वाढते. तापमान शून्याजवळ आलं की बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो आणि ती पकडही जाते. कडाक्याच्या पहाटेपेक्षा मला दुपारच्या उन्हाची जास्त भीती वाटते.

शेतीच्या टायरवरही भिस्त ठेवू नकोस. त्याच्या उंच पट्ट्या मातीत रुततात. कडक बर्फात त्या रुतत नाहीत, आणि टेकणारं रबरही थोडंच.

म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्याच घे. शिडीसारख्या आडव्या नकोत, त्या पट्ट्यांमधल्या खाचेत जाऊन बसतात आणि बर्फाला लागतच नाहीत. जाळीसारख्या विणलेल्या घे. आधी मागच्या चाकांना लाव. फक्त पुढे लावल्यास उतारावर ट्रॅक्टरचा मागचा भाग आडवा येतो. थोडं चालवून पुन्हा आवळ, कारण सुरुवातीला त्या ढिल्या पडतात.

उतरताना फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेव. बऱ्याच ट्रॅक्टरना ब्रेक मागच्याच चाकांना असतात; ड्राइव्ह जोडलेली असली की त्यांचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. खालचा गिअर उतार सुरू होण्याआधी, वरच टाक आणि वाटेत क्लच दाबू नकोस. डाव्या-उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवलेली असू देत. डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगाने फिरवणारी कळ, चाक जागच्या जागी फिरायला लागण्याआधी लाव, वळताना सोड.

साखळ्या आल्या की सपाट जागेवर चढव, मडगार्डला घासतात का ते पाहा आणि मला कळव. तोवर उतारावर जाऊ नकोस.