दिवा लागतो, पण सिग्नल निघतो का?

प्रश्न : सर, माझं इचलकरंजीत गाडीच्या चाव्या आणि गेटचे रिमोट दुरुस्त करायचं दुकान आहे. रिमोट सिग्नल सोडतोय का हे बघायला आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावून रेडिओ सिग्नल स्क्रीनवर दाखवणारा छोटा रिसीव्हर) घेतलाय, पण सोबतचा अँटेना तुटला. घरी बनवता येईल का? तार गुंडाळून लहान केली तर चालेल?
– एक वाचक

उत्तर : येईल की. पण टेबलावर रिमोट डोंगलपासून वीतभर लांब असतो; तिथे कुठलाही तारेचा तुकडा चालतो. उलट सिग्नल इतका जोरात येतो की प्रत्यक्षात नसलेल्या सिग्नलच्या रेघाही स्क्रीनवर उमटतात. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, उतरवा.

रिमोट अंगणाच्या टोकापर्यंत पोचतो का, हे बघायचं असेल तर मात्र मापाचा अँटेना हवा. आपल्याकडचे बरेच रिमोट 433.92 मेगाहर्ट्झचे. त्याची तरंगलांबी 69 सेंमी, चौथा हिस्सा 17.3. तार प्रत्यक्षात थोडी आखूड लागते, म्हणून 16.5 सेंमी कापा. घराच्या वायरिंगमधली दीड एमएमची तांब्याची तार उत्तम. चार भोकांचा एसएमए कनेक्टर (अँटेनाच्या केबलचा आटे असलेला छोटा जोड) घ्या. मधल्या पिनला ही तार उभी सोल्डर करा, भोकांत अठरा-अठरा सेंमीच्या चार तारा पक्क्या करून 45 अंशांत खाली वाकवा. आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा इम्पीडन्स (केबलशी जुळायला हवा तो विद्युत विरोध) 36 ओहमच्या आसपास राहतो, वाकवल्यावर 50 कडे येतो. अँटेनापासून डोंगलपर्यंतची वायर टीव्हीची, 75 ओहमची असली तरी वापरा. नुसतं ऐकायचंय, तर एवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

गुंडाळलेली तार चालते, रिमोटच्या रिसीव्हरमध्ये स्प्रिंगसारखा अँटेना असतोच. पण वेढे थोडे दाबले किंवा हात जवळ नेला, की तिचं ट्यूनिंग सरकतं. तपासणीच्या कामाला मी सरळ तारच घेईन.

आणि रिमोटचा दिवा लागला म्हणून विश्वास ठेवू नका. तो सिग्नल निघाल्याची खूण नव्हे. पडलेल्या रिमोटमध्ये क्रिस्टल, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग, तडकतो आणि दिवा मात्र झकास लागतो. बटण दाबून 433.92 वर रेघ उमटते का बघा. रेघ बरीच बाजूला दिसली तर सेल बदलण्याआधी क्रिस्टल तपासा. काहीच दिसलं नाही तर 315 वर पाहा, काही रिमोट तिथलेही असतात.

ब्लूटूथच्या चाव्यांना हा डोंगल निरुपयोगी. तो साधारण 1,750 मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकतो, ब्लूटूथ 2,400 च्या वर. अँटेना कितीही चांगला केलात तरी तिथे काही दिसणार नाही.