टीम्सवरची एक्सेल फाइल सहकाऱ्याने रिप्लेस केली आणि फोल्डरही डिलीट झालं, आता परत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या ऑफिसात टीम्सच्या चॅनेलवर तुमची व्हेंडर पेमेंटची एक्सेल शीट होती, सहकाऱ्याने त्याच्या लॅपटॉपवरची जुनी फाइल त्याच नावाने अपलोड केली आणि 'रिप्लेस' दाबलं, त्याच गडबडीत बिलांचं एक फोल्डरपण उडालं, आणि आयटीवाले म्हणतात आता काही होणार नाही. मला तर वाटतं दोन्ही परत मिळेल. मी महापेला एका लॉजिस्टिक्स कंपनीत आयटी सपोर्ट बघतो, असली तिकिटं आमच्याकडे सारखी येतात, आणि बऱ्याचदा फाइल कुठे गेलेलीच नसते, लोक भलत्याच ठिकाणी शोधत असतात. घर ठाण्यात आणि चावी शोधतायत वाशीला, असला प्रकार.

म्हणजे काय, तर टीम्स स्वतः फाइल ठेवतच नाही. चॅनेलमध्ये टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंट साइटवर (मायक्रोसॉफ्टचं टीमच्या फाइल्स ऑनलाइन ठेवायचं ठिकाण) बसते, आणि चॅटमध्ये पाठवलेली फाइल ज्याने पाठवली त्याच्या वनड्राइव्हमध्ये (प्रत्येकाची स्वतःची ऑनलाइन जागा), 'मायक्रोसॉफ्ट टीम्स चॅट फाइल्स' नावाच्या फोल्डरात. प्रायव्हेट चॅनेल, म्हणजे टीममधल्या ठरावीक लोकांपुरतंच, असेल तर त्याची साइटच वेगळी, आणि त्यामुळे रिसायकल बिनपण वेगळं. तुम्ही डेस्कटॉपवरच्या रिसायकल बिनमध्ये शोधलंत असं लिहिलंय, तिथे मिळण्याची शक्यता कमीच होती.

आता रिप्लेसचं बघू कारण तीच खरी डोकेदुखी आहे. रिप्लेस केल्याने जुनी फाइल पुसली जात नाही हो, शेअरपॉइंट तिला आधीची व्हर्जन म्हणून मागे ठेवतं आणि नवीन चढवलेली वर येते. अडमिनने सेटिंग बदललं नसेल तर साधारण ५०० व्हर्जन ठेवते लायब्ररी, म्हणजे तुमची फाइल तिथे असणारच असं धरून चाला. चॅनेलच्या फाइल्समध्ये जा (काही जणांना आता तिथे 'शेअर्ड' असं दिसतं), तीन टिंबांवरून 'ओपन इन शेअरपॉइंट' करा, मग फाइलच्या तीन टिंबांवर 'व्हर्जन हिस्टरी'. तारीख, वेळ, कोणी सेव्ह केली, सगळं ओळीने दिसतं, सहकाऱ्याच्या नावावरची ती ओळ लगेच सापडेल, तिच्या खालची तुमची.

पण थांबा, लगेच 'रिस्टोअर' दाबू नका!! बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मग दुसरी बोंबाबोंब सुरू होते. तुमच्या शीटमध्ये रिप्लेस झाल्यानंतरपण कोणीतरी एन्ट्री मारलेल्या असणार ना, दुसऱ्या शिफ्टवाल्याला काय माहीत की खालची फाइल बदललीये, तो आपला जुन्या फाइलवरच नवीन पेमेंट टाकत बसला असेल. तुम्ही रिस्टोअर केलं की तुमचा डेटा येईल पण त्याच्या एन्ट्री वरच्या व्हर्जनमधून गायब. आमच्याकडे न्हावा शेवाच्या कंटेनरची ट्रॅकिंग शीट असते, तीन शिफ्टची माणसं एकाच फाइलमध्ये लिहितात, तिथे अशी घाई केली की ज्याची एन्ट्री गेली तो आमच्या टेबलाशी येऊन उभा राहतो. म्हणून आधी ग्रुपवर मेसेज टाका की थोडा वेळ फाइलला कोणी हात लावू नका, मग जुनी व्हर्जन नुसती उघडा आणि वेगळ्या नावाने तुमच्याकडे डाउनलोड करा, आत्ताची फाइलपण डाउनलोड करा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा की नंतरच्या एन्ट्री कुठल्या.

ह्याला एक चांगली सोय आहे, वेबवर एक्सेल उघडलं की रिव्ह्यू टॅबमध्ये 'शो चेंजेस' असतं, कोणी कुठला सेल कधी बदलला ते ६० दिवसांपर्यंतचं दिसतं. फक्त एक गोम आहे, फाइल अपलोड करून रिप्लेस केली की तो लॉग साफ होऊ शकतो, त्यामुळे आधीचं तिथे शोधू नका. पण तुम्हाला हवंय ते नंतरचंच, म्हणजे उलट तुमच्या सोयीचंच झालं. त्या एन्ट्री जुन्या चांगल्या शीटमध्ये चढवा, मग ती टाका. आणि समजा घाईत कोणी रिस्टोअर केलंच असेल तरी घाबरू नका, रिस्टोअर केल्यावर जुनी व्हर्जन सगळ्यात वर नवीन म्हणून येते, मधल्या व्हर्जन तशाच राहतात, त्या एन्ट्रीपण तिथून काढता येतात.

फोल्डरचं काम सोपं. त्याच शेअरपॉइंट साइटवर डावीकडे 'रिसायकल बिन', नसेल दिसत तर 'साइट कंटेंट्स'मध्ये जाऊन बघा. फोल्डर सिलेक्ट करा, रिस्टोअर, जिथे होतं तिथेच जाऊन बसतं, फाइल्सच्या जुन्या व्हर्जनसकट. आता तुम्हाला तिथे काहीच दिसलं नाही तरी नाही असं समजू नका. त्या बिनच्या मागे दुसरं एक बिन असतं, 'सेकंड स्टेज' म्हणतात त्याला, पहिल्यातून कोणी डिलीट केलं की माल तिथे जातो आणि ते फक्त साइटच्या अडमिनला दिसतं. दोन्ही मिळून ९३ दिवस, मोजायचे पहिल्यांदा डिलीट झालं त्या दिवसापासून, दुसऱ्या बिनमध्ये गेलं म्हणून परत एकपासून नाही मोजत. त्यानंतरही मायक्रोसॉफ्टकडे अजून १४ दिवस बॅकअप असतो, पण ते अडमिनने सपोर्टला सांगून करायचं आणि ते एक फाइल काढून नाही देत, अख्खी साइट मागच्या तारखेला नेतात, त्यामुळे तिथवर जायची वेळ येऊ नये हेच बरं.

'रिस्टोअर धिस लायब्ररी' असंही एक बटण साइटच्या ओनरला दिसतं, मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेला सगळी लायब्ररी परत नेता येते. तुमच्यासाठी ते वापरू देऊ नका कोणाला. व्हायरसने शेकडो फाइल्स लॉक केल्या किंवा कोणीतरी सिंक केलेलं सगळंच उडवलं तर ठीक, एका शीटसाठी अख्ख्या टीमचं काम मागे कशाला न्यायचं.

जर फाइल चॅटमधली असती आणि पाठवणारा नोकरी सोडून गेला असता तर मात्र पटापट हालचाल करावी लागली असती. अकाउंट डिलीट झालं की त्याचं वनड्राइव्ह साधारण सेटिंगला ३० दिवस राहतं, मग डिलीट होतं, आणि त्यानंतरचे ९३ दिवस अडमिन ते परत आणू शकतो. लोक नोटीस पिरियड संपवून गेले की कोणालाच आठवत नाही त्यांच्याकडे काय होतं, आठवतं ते ऑडिटच्या वेळी.

खाली कमेंटमध्ये एकाने गुगल ड्राइव्हबद्दल विचारलंय म्हणून तेपण सांगून टाकतो. तिथे ट्रॅश ३० दिवस, ट्रॅश रिकामं झाल्यावर कंपनीचं अकाउंट असेल तर अडमिन अजून २५ दिवसांत आणू शकतो. गुगल शीटची हिस्टरी वेगळी, पण ड्राइव्हवर नुसती चढवलेली एक्सेल किंवा पीडीएफ असेल तर जुन्या व्हर्जन ३० दिवस किंवा १०० व्हर्जन एवढ्याच राहतात, 'कीप फॉरएव्हर' केलं नसेल तर. तिथे जास्त दिवस घालवू नका.

आणि ते फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकू का असं विचारलंत, कृपा करून नको. फाइल तुमच्या लॅपटॉपवर नव्हतीच तर ते काय शोधणार, आणि कंपनीच्या मशिनवर नको ते इन्स्टॉल केलं म्हणून वेगळी कटकट.

आता आयटीला काय लिहायचं ते सांगतो, कारण 'फाइल गेली प्लीज हेल्प' असं तिकीट आलं की आम्हीपण वैतागतो. टीमचं नाव, चॅनेलचं नाव, चॅनेल स्टँडर्ड आहे का प्रायव्हेट, फोल्डरचं पूर्ण नाव, साधारण कधी उडालं आणि कोणाच्या लॉगिनवरून, एवढं द्या, आणि साइटचं सेकंड स्टेज रिसायकल बिन बघा असं स्पष्ट लिहा. परत 'होणार नाही' म्हणाले तर भांडू नका, कुठल्या साइटवर आणि कुठल्या बिनमध्ये बघितलं ते विचारा, स्क्रीनशॉट मागा. फोल्डर कोणत्या तारखेला उडालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं कमेंटमध्ये टाका, म्हणजे ९३ दिवसांतले किती उरलेत ते सांगता येईल.