लाईट आल्यावर कॅमेरे झोपलेलेच: पीओई चिपला एकटीने उभं राहायला शिकवताना

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यासाठी तुम्ही चार पोर्टचा पीओई बोर्ड (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) स्वतः बनवलाय. चिप एलटीसी ४२६६, सोबत छोटा मायक्रोकंट्रोलर, मागे १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये. टेबलावर सगळं झकास. कारखान्यात मात्र लाईट बराच वेळ गेली, बॅटरी कटऑफला पोचली आणि मग लाईट परत आली, की चारही कॅमेरे मेलेले. कुणीतरी शिडी लावून चिपचं रिसेट बटण दाबलं की लगेच जिवंत. दोन चिपा बदलून झाल्या, फरक नाही.

तिसरी बदलू नका. चिप चांगली आहे. तुमच्या सर्किटमध्ये चिपची ऑटो पिन मायक्रोकंट्रोलरच्या जीपीआयओला, म्हणजे प्रोग्राममधून वर-खाली करता येणाऱ्या पिनेला, गेलीय, घोळ तिथे आहे. मी स्वतः हाच घोळ घालून बसलो होतो, म्हणून सर्किट बघताच ओळखलं.

ही चिप ऑटो पिन फक्त एका क्षणी वाचते: रिसेटमधून बाहेर येताना, किंवा ३.३ व्होल्टचा सप्लाय पुरेसा वर चढतो तेव्हा. त्या क्षणी पिन वर (सप्लायच्या व्होल्टेजला) असेल तर चारही पोर्ट ऑटो मोडमध्ये उठतात, म्हणजे कॅमेरा ओळखून आपणहून वीज सोडतात. खाली (शून्याला) असेल तर पोर्ट बंद ठेवून चिप आय-टू-सीवरून, म्हणजे मायक्रोकंट्रोलरशी बोलायच्या दोन तारांवरून, हुकूम यायची वाट बघत बसते. नंतर पिन कितीही वर करा, तिला काही देणंघेणं नाही. आता लाईट येते तेव्हा काय होतं बघा. चिप आणि मायक्रोकंट्रोलर एकाच वेळी जागे होतात. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम सुरू होऊन जीपीआयओ वर जाईपर्यंत ती पिन लटकती असते, आणि चिपच्या आतला पुलडाऊन तिला खाली ओढतो. म्हणजे निर्णयाच्या वेळी उत्तर गेलं ‘नको’. टेबलावर तुम्ही यूएसबी लावलेली असते, मायक्रोकंट्रोलर आधीच जागा असतो, म्हणून तिथे कधी बिघडलं नाही. शिडीवरून रिसेट दाबल्यावर चालतं तेही त्याचमुळे: तोवर पिन वर गेलेली असते.

तुम्ही लिहिलंय की चिपच्या हेक्स ११ रजिस्टरमध्ये (आतल्या क्रमांक दिलेल्या नोंदीच्या खान्यात) ऑटोचा बिट १ दिसतो, म्हणून पिनवर शंका घेतली नाही. या बिटाने मलाही दोन संध्याकाळी फिरवलंय. तो पिनेची आत्ताची स्थिती दाखवतो. उठताना चिपने काय वाचलं होतं, ते त्यावरून कळत नाही.

उपाय दहा मिनिटांचा आहे. जीपीआयओकडे जाणारा ट्रॅक ब्लेडने कापा आणि ऑटो पिन चिपच्या शेजारीच व्हीडीडीला, म्हणजे तिच्या ३.३ व्होल्टच्या सप्लायला, जोडा. लांबून तार आणू नका. रिसेट पिनही मायक्रोकंट्रोलरकडे असेल तर तीही सोडवा, नाहीतर प्रोग्राम अडकून वॉचडॉगने (अडकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) रिबूट मारला की चारही कॅमेरे सोबत जातील. आय-टू-सी राहू द्या. ऑटोमध्येही व्होल्टेज, करंट वाचता येतं, रजिस्टर बदलताही येतात. मायक्रोकंट्रोलरने बघावं, सांगावं, पण पोर्ट उठणं त्याच्यावर अवलंबून नसावं.

कुणी म्हणेल, प्रोग्राममधूनच मोड लिहून टाकू की. येतं लिहिता. हेक्स १२ मध्ये प्रत्येक पोर्टला दोन बिट असतात: ०० बंद, ०१ मॅन्युअल, १० सेमी-ऑटो, ११ ऑटो. हेक्स १४ मध्ये डिटेक्शन (पलीकडे पीओईचं उपकरण आहे का ते बघणं) आणि क्लासिफिकेशन (त्याला किती वॅट लागतात ते ओळखणं) चालू करायचं. पण लोक हेक्स १३ विसरतात, आणि तिथे डिस्कनेक्टची, म्हणजे केबल निघाल्यावर वीज तोडायची, परवानगी असते. ती दिली नाही तर कॅमेऱ्याची केबल उपटल्यावरही पोर्ट वीज धरून बसतो, आणि त्याच केबलला पुढे कुणीतरी ती वीज झेलायला न बनलेला साधा राऊटर लावतो. त्यापेक्षा पिन बांधलेली बरी. दुसऱ्या चिपांत प्रकार वेगळा असतो. टीपीएस २३८६१ कारखान्यातून येते तशीच, काहीही न लिहिता चार पोर्ट सांभाळते. त्यामुळे एका चिपचं सर्किट दुसरीला डोळे झाकून लावू नका.

आता मिड पिन. तुमचा बोर्ड स्विच आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसतो आणि ४-५, ७-८ या जोड्यांवर वीज सोडतो. म्हणजे तो मिडस्पॅन, मधे बसून वीज देणारा, झाला. ही पिनही आतून खाली ओढलेली असते, ती व्हीडीडीला बांधा. मिडस्पॅनने एकदा डिटेक्शन फसलं की पुन्हा प्रयत्न करण्याआधी किमान २ सेकंद थांबायचं असतं, म्हणजे पलीकडे पीओई स्विच असलाच तर त्याला संधी मिळते. नाहीतर दोघेही एकाच कॅमेऱ्यातला २५ किलोओहमचा रेझिस्टर शोधत एकमेकांच्या पायात पाय घालतात.

इथवर चिपचं झालं. मला जास्त काळजी तुमच्या बॅटऱ्यांची वाटते.

जुन्या, २००३ च्या पीओईला पोर्टवर ४४ ते ५७ व्होल्ट लागतात आणि तो १५.४ वॅट देतो. २००९ चा पीओई प्लस ३० वॅट देतो, पण त्याला ५० ते ५७ व्होल्ट लागतात. तुमचे तीन बुलेट कॅमेरे पहिल्या प्रकारातले, गेटवरचा फिरता कॅमेरा दुसऱ्या. लेड-ॲसिडच्या चार बॅटऱ्या म्हणजे ५० व्होल्टला प्रत्येकी १२.५. लोडवर चालणारी बॅटरी लाईट गेल्यावर बघता बघता त्याच्या खाली येते. बुलेट कॅमेरे तग धरतील, पण फिरता कॅमेरा नियमाबाहेर गेलेला असेल. कॅमेऱ्याला वॅट तेवढेच हवे असतात, त्यामुळे व्होल्टेज पडलं की तो करंट वाढवतो. ३० वॅटला ५० व्होल्टवर ६०० मिलीअँपिअर, ४६ व्होल्टवर ६५०. चिपची त्या क्लासची मर्यादा सहाशेच्या थोडीच वर असते. म्हणजे रात्री इन्फ्रारेड चालू, वर कॅमेरा वळला, की पोर्ट तुटणार, परत जोडणार, परत तुटणार. त्यात केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, आणि स्वस्तातल्या बॉक्समध्ये बहुतेक वेळा तीच निघते, तर विचारूच नका.

वरच्या टोकालाही तेच. चार्जर बूस्टला गेला की प्रत्येकी १४.४, चारांचे ५७.६ व्होल्ट. ५७ ची हद्द ओलांडली. चिप लगेच जळणार नाही, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली, बाहेरच ४२ अंश असताना, ती चैन मला परवडत नाही. बॅटरी आणि बोर्ड यांच्यामध्ये पक्के ५४ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर टाका. तो ५४ च्या खालून आणि वरून, दोन्हीकडून घेणारा हवा, नुसता स्टेप-अप चालणार नाही.

कन्व्हर्टर किती वॅटचा, याचं उत्तर ऑटो मोडनेच ठरवलंय. सेमी-ऑटोमध्ये चिप डिटेक्शन, क्लास करून थांबते, वीज सोडायची की नाही हे तुमचा प्रोग्राम ठरवतो, त्यामुळे ६५ वॅटमध्येही कुणाला आधी, कुणाला नाही असं करता येतं. ऑटोमध्ये तसा हिशेब ठेवणारं कुणी नाही. दारात आलेल्या प्रत्येकाला ताट वाढलं जातं, मग घरात भाकरी किती आहेत ते कुणी का बघेना. आज तुमची गरज ७६ वॅट आहे, पण उद्या मालक चारही फिरते लावेल. १२० वॅट धरून चाला.

एक बारीकसं: शेडमध्ये पीओईवरचा आर्द्रतेचा सेन्सर जोडणार म्हणालात. पोर्ट चालू राहायला साधारण १० मिलीअँपिअर तरी ओढले जावे लागतात, नाहीतर चिपला वाटतं केबल निघाली. अर्ध्या वॅटपेक्षा कमी खाणारा सेन्सर दिवसभर चालू-बंद खेळत बसेल. त्याला वेगळी वीज द्या.

बोर्डाचा डबा मागांच्या ओळीपासून लांब, भिंतीवर लावा. सुताचा कचरा मॉसफेटवर (पोर्टची वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) गादीसारखा बसतो आणि मागांच्या हादऱ्याने आरजे-४५, म्हणजे केबलची टोकं, सैल होतात. माझ्या एका शेडमध्ये जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री, रोज सकाळी डब्याला थाप मारून कॅमेरे ‘दुरुस्त’ करायचा.

ट्रॅक कापल्यावर यूएसबी काढूनच तपासा. ५४ व्होल्ट बंद करा, कॅपॅसिटर पूर्ण उतरू द्या, मग चालू करा. असं वीस वेळा करा, आणि त्यातल्या काही वेळा मायक्रोकंट्रोलर बोर्डावरून काढूनच. चारही पोर्ट प्रत्येक वेळी उठले तर काम झालं. एकदाही चुकलं तर व्हीडीडी आणि रिसेट पिनचा ऑसिलोस्कोपवरचा फोटो इथे टाका, पुढचं बघू. शिडी तोवर तिथेच असू द्या.