शेवट गोड होणार हे माहीत असूनही किशोरवयीन प्रेमकादंबऱ्या लोक का वाचतात?

शेवट माहीत असतो म्हणूनच. ‘काय होणार’ ही धाकधूक गेली की ‘कसं जुळणार’ याची मजा निवांत घेता येते. जेनी हान यांची २०१४ची ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर’ घ्या. आवडलेल्या मुलांना लिहून डब्यात लपवलेली लारा जीनची पत्रं टपालात पडतात, आणि लाज झाकायला ती त्या मुलांपैकीच एकाशी, पीटरशी, प्रेमाचं नाटक करते, तेही लेखी अटी ठरवून! नाटक खरं होणार हे तिथेच कळतं. तरी पानं उलटत राहतात, कारण चिडवाचिडवी, रुसवेफुगवे, फजिती सगळं तिच्याच तोंडून येतं. शिवाय पुस्तक नुसतं प्रेमाचं नाही: आई वारलेली, मोठी बहीण शिकायला स्कॉटलंडला गेलेली, घराचा भार मधल्या मुलीवर. (पीटरपेक्षा मला धाकटी बहीण किटीच जास्त आवडली.) मात्र गोड शेवट प्रत्येक भागात मिळेलच असं नाही. ही पहिली कादंबरी ऐन मोक्याला थांबते, त्यामुळे २०१५चा दुसरा भाग हाताशी ठेवूनच सुरुवात करा.