लॅपटॉपवर चालणारं जँगो अ‍ॅप हेरोकूवर का कोसळतं?

तुमचा प्रश्न असा: जँगोचं (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचं) अ‍ॅप लॅपटॉपवर मस्त चालतं, हेरोकूवर, म्हणजे अ‍ॅप्स चालवणाऱ्या क्लाउड सेवेवर, चढवलं की 'अ‍ॅप्लिकेशन एरर'चं पान येतं आणि लॉगमध्ये एच१० दिसतो. कोडमध्ये काहीच बदललेलं नाही, मग चुकलं कुठे?

बहुतेक तिथेच, काही बदललं नाहीत म्हणून. तुमच्या सेटिंग्ज फाइलला अजून वाटतंय की आपण तुमच्या लॅपटॉपवरच आहोत.

एच१० म्हणजे फक्त 'अ‍ॅप कोसळलं'. कारण त्याच्या वर असतं. लॉग वर सरकवा, पायथनचा ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते सांगणाऱ्या ओळी) शोधा आणि त्याची शेवटची ओळ वाचा. मॉड्यूल सापडत नाही असं म्हणत असेल तर बहुधा प्रॉकफाइलमध्ये, म्हणजे अ‍ॅप कसं सुरू करायचं ते हेरोकूला सांगणाऱ्या फाइलमध्ये, नाव चुकलंय. गनिकॉर्नला (अ‍ॅप चालवणाऱ्या वेब सर्व्हरला) तिथे गिटहबवरचं रिपॉझिटरीचं नाव द्यायचं नसतं, ज्या फोल्डरमध्ये डब्ल्यूएसजीआयची (सर्व्हर आणि जँगोला जोडणारी) फाइल आहे त्याचं द्यायचं. एकात हायफन, दुसऱ्यात अंडरस्कोर, हा घोळ मी स्वतः दोनदा घातलाय. शिवाय प्रॉकफाइलला एक्स्टेन्शन नसतं. नोटपॅडने गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटवलंय का तेही बघा, तसं असेल तर ती फाइल वाचलीच जात नाही.

पोर्ट ८००० ठोकून लिहिला असेल तर काढा. पोर्ट प्लॅटफॉर्म ठरवतो आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून, देतो. ६० सेकंदांत अ‍ॅप त्या पोर्टवर दिसलं नाही की प्रोसेस मारली जाते, लॉगमध्ये आर१० येतो. गनिकॉर्न तो व्हेरिएबल आपणहून उचलतो, त्याला काही सांगायची गरज नाही.

अ‍ॅप उभं राहिलं की डीबगकडे, म्हणजे चुकांचा तपशील पानावरच दाखवणाऱ्या सेटिंगकडे, या. व्हेरिएबलमध्ये 'फॉल्स' लिहिलंत, तरी पायथनच्या हाती पडते ती पाच अक्षरांची स्ट्रिंग. आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथनच्या लेखी खरीच! म्हणजे तुम्ही बंद केलेला डीबग चालूच राहतो आणि कुणी चुकीचा पत्ता टाकला तरी तुमच्या सगळ्या यूआरएलची यादी त्याच्या पुढ्यात. त्यामुळे आलेली स्ट्रिंग 'ट्रू' या शब्दाशी ताडून बघा, जुळली तरच डीबग चालू. आणि ४०० एरर येत असेल? घाबरू नका, अलाऊड होस्ट्समध्ये (अ‍ॅपला चालणाऱ्या पत्त्यांच्या यादीत) तुमचं डोमेन टाकायचं राहिलंय. सीएसएस गायब झालं तर व्हाइटनॉइज हे सीएसएससारख्या फाइली पुरवणारं पॅकेज बसवा, त्याचं मिडलवेअर सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली ठेवा आणि स्टॅटिक रूट (त्या फाइली गोळा होतात तो फोल्डर) द्या.

आता डेटाबेस. जँगोचा आयता मिळणारा एसक्यूलाइटच ठेवलंय ना? मीही ठेवलं होतं. मंडळाच्या रक्तदान शिबिराची नोंदणी होती, संध्याकाळपर्यंत तीसेक नावं आली, सकाळी उघडलं तर यादी कोरी. चूक माझीच. डायनोची, म्हणजे हेरोकू ज्यात तुमचं अ‍ॅप चालवतं त्या कंटेनरची, डिस्क तात्पुरती असते आणि डायनो दिवसातून किमान एकदा नव्याने सुरू होतो. एसक्यूलाइट म्हणजे त्या डिस्कवरची एक फाइल, तीही त्याच्याबरोबर गेली. लोकांनी अपलोड केलेल्या फोटोंचंही तेच होतं.

याचं आणखी चक्रावून टाकणारं रूप म्हणजे डेटाबेसात टेबलं बनवणारी मायग्रेट कमांड हिरव्या 'ओके'ची रांग दाखवते, तरी अ‍ॅप म्हणतं टेबलच नाही. कारण ती कमांड वेगळ्या, तात्पुरत्या डायनोवर चालते. टेबलं तयार झाली ती त्याच्या डिस्कवर, आणि काम संपताच तो डायनोच गेला. पोस्टग्रेस हा डायनोबाहेर राहणारा डेटाबेस जोडा, पत्ता डेटाबेस यूआरएल या व्हेरिएबलमध्ये आपोआप येतो, डीजे-डेटाबेस-यूआरएल हे पॅकेज तो वाचून घेतं. मग मायग्रेट पुन्हा चालवा. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ हे सगळं फुकट म्हणून दाखवतात. हेरोकूची फुकट सोय २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद होऊ लागली, तेव्हा आधी दर बघून घ्या.

आणि सीक्रेट की (जँगो सही-शिक्क्यासाठी वापरतो ती गुप्त किल्ली) सेटिंग्ज फाइलमध्येच लिहून गिटहबवर ढकलली असेल, तर नुसती पुसू नका, नवीन बनवून व्हेरिएबलमध्ये ठेवा. जुनी की जुन्या कमिटमध्ये अजून तशीच आहे.